उजवीकडची स्प्रिंग

सखाराम मिस्त्री गेल्याचं मला यष्टीच्या कंडक्टरनं सांगितलं, तिकिटाला चिमटा मारता मारता. चार दिवस मी पुण्याला होतो आणि सकाळच्या गाडीनं पौडला परत निघालो होतो. श्रावणातली झड, खिडक्यांचे पडदे खाली सोडलेले, आत ओल्या घोंगड्यांचा वास. "डाक्टर, तुमचा मिस्त्री गेला की वो. परवा दुपारी. तुमी न्हवता," असं म्हणून त्यानं सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि तो पुढच्या बाकाकडे वळला. तुमचा मिस्त्री… साऱ्या मुळशी खोऱ्यात त्यांना माझाच मिस्त्री म्हणत. तीन दिवस ताप होता, छाती भरली होती, आणि ज्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं औषध त्यांनी कधी घेतलं नाही तो डॉक्टर पुण्यात मेव्हण्याच्या घरी भजी खात बसला होता. पिरंगुट आलं तरी ती नाणी मी हातातच धरून बसलो होतो.

याला आता दोन महिने होत आले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत, गेलेल्या माणसांविषयी जे छापून येतं ते मी नेमानं वाचतो. सगळे दिलदार असतात, सगळे निगर्वी, सगळ्यांचं हसणं मोकळं. मिस्त्री खरोखरच तसे होते, आणि नेमकं तेच लिहायचा अधिकार मला नाही. एक गोष्ट मला त्यांना सांगायची होती. एका वाक्याची. ती सांगायला मला बारा वर्षं मिळाली आणि बाराही वर्षं मी ती पुढे ढकलली. आता ऐकायला ते नाहीत. ती गोष्ट काय होती, एवढंच इथे लिहायचं आहे.

मी पौडला दवाखाना काढला तेव्हा माझी डॉक्टरकीची शाई वाळलेली नव्हती. पानशेतचा पूर यायच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. मिस्त्री पौडपासून अर्ध्या मैलावर, मुळशीच्या रस्त्याच्या कडेला राहत. लढाईच्या काळात त्यांनी खडकीला लष्कराच्या ट्रकांवर काम केलं होतं, तिथून एक मोठा स्क्रूचा जॅक आणि इंग्रजीतले सात-आठ शब्द घेऊन ते गावी परतले होते. खोऱ्यातला कोळशाचा प्रत्येक ट्रक कधी ना कधी त्यांच्या दारात उभा राहिलेला. बुटकं अंग, कानात अत्तराच्या फायाऐवजी ग्रीसचा डाग, आणि हात असे की रोगी तपासताना मला त्यांचा हेवा वाटे. बोल्टावर नुसतं बोट ठेवून ते सांगत, हा आज सुटनार न्हाई, ह्याला रातभर राकेल पाजा. आमची पहिली ओळख त्यांच्या कानदुखीपायी झाली आणि मैत्री माझ्या गाडीपायी.

गाडी म्हणजे धरणावरचा एक साहेब विलायतेला जाताना विकून गेला ती. दिसायला नवऱ्यामुलीसारखी आणि आमच्या रस्त्यावर चालायला नालायक. ट्रकांना, बैलांच्या दमणीला असतात तसे लोखंडी पट्ट्यांचे पाटे तिला पुढच्या बाजूला नव्हतेच, वेटोळ्याच्या दोन जाड स्प्रिंगा होत्या, चाकाच्या आतल्या अंगाला, खालचा लोखंडी हात आणि वरची चौकट यांच्यामध्ये दाबून बसवलेल्या. मुळशीच्या खड्ड्यांनी दोन पावसाळ्यांत त्या पार दबवून टाकल्या. डावीचं खालचं वेटोळं तर तुटलंच. गाडी पुढून अशी वाकली की गावातली माणसं विचारत, डाक्टर, तुमच्या गाडीचं काय हरवलंय, ती खाली काय शोधतीया? नव्या दोन स्प्रिंगा मी पुण्याहून आणल्या. गाडी पुण्याला नेऊन तिथेच बदलायला सांगणारे होते, पण वाकलेल्या गाडीनं घाटरस्ता धरायची हिंमत नव्हती, आणि मिस्त्री असताना दुसऱ्याच्या दारात गाडी उभी करणं मला अपमानाचं वाटे. काम आमच्या घरामागच्या अंगणात करायचं ठरलं. नवरात्रातली अष्टमी होती. दोन दिवसांनी दसऱ्याला आम्हाला त्या गाडीतून पुण्याला माझ्या सासुरवाडीला जायचं होतं.

अष्टमीचा तो दिवस मला घडीघडीनं आठवतो, कारण तो आमच्या मैत्रीतला शेवटचा निर्मळ दिवस होता. मिस्त्रींनी गाडीचं तोंड वर उचललं, चौकटीखाली बाभळीचे ठोकळे लावले, चाक काढलं. आपला मोठा जॅक त्यांनी त्या खालच्या हाताखाली लावला आणि मग जे केलं ते मला तेव्हा अतिच वाटलं होतं. एक मुठीएवढ्या कड्यांची साखळी त्यांनी स्प्रिंगेच्या पोटातून ओवून वरच्या चौकटीला दोन वेढे देऊन बांधली. मी म्हणालो, "मिस्त्री, चोर आहे का ती बांधायला?" ते खाली पडल्या पडल्या हसले. "डाक्टर, पाटा म्हंजी बैल. वरचा बोजा काढला की गप हुबा ऱ्हातो. हिचं तसं न्हाई. गाडी उचलली, चाक काढलं, तरी ही आत दम धरून बसलेली असती. सुटली म्हंजी कुनाचं काय घिऊन जाईल, सांगता येत न्हाई. ही साखळी हाय म्हनून मी घरी जेवाया जातुया." खडकीला एका पंजाबी जवानाचा जबडा असाच गेलेला त्यांनी पाहिला होता. मग त्या लोखंडी हाताचा बोल्ट काढला, जॅक सूत सूत खाली घेतला, आणि ती तुटकी स्प्रिंग हळूच सैल होऊन साखळीत लोंबली. नवी घालताना हाच सगळा प्रकार उलटा. जॅक चढवत न्यायचा, स्प्रिंग दबत जायची, चौकट कुरकुरायची, आणि मिस्त्री बोल्टाच्या भोकात बोट घालून म्हणत राहायचे, अजून… अजून… बास. दिवस मावळायच्या आत डावी बाजू झाली. उजवीचं चाक काढून, बोल्टांना राकेल पाजून त्यांनी हात धुतले. साखळी, जॅक, पाने, हातोडे, सगळं पोत्यात भरून ते घरी न्यायला निघाले.

"राहू द्या की इथेच. उद्या पुन्हा लागेलच," मी म्हणालो.

"उद्या खंडेनवमी," ते म्हणाले. "हत्यारं पुजंला बसत्यात. दसऱ्याला सकाळच्या पारी यितो, दोन घंट्यात उरकितो."

दसऱ्याला सकाळी आम्हाला पुण्याला निघायचं होतं. मी त्यांना तसं बोललो नाही, घरात येऊन मात्र बोललो. माझी पत्नी कुमुद म्हणाली की यष्टीनं जाऊ, त्यात काय बिघडलं. बिघडत काहीच नव्हतं. पण सासऱ्यांनी मला खेड्यात दवाखाना काढतो म्हणून दोन वर्षं नाकं मुरडून दाखवली होती, आणि त्यांच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं चित्र मी महिनाभर मनात रंगवलं होतं. तेवढंच कारण. त्याहून मोठं काही असतं तर आज मी ते आनंदानं लिहिलं असतं.

नवमीला सकाळी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ओसरीवर पाट मांडून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं लावलेली. घासून पुसून लख्ख. जॅकला हळदीकुंकू, साखळीवर झेंडूची माळ, पुढे नारळ. अनसूयावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपाशी पुरण वाटत होत्या. मिस्त्री स्वच्छ धोतर नेसून बसले होते आणि मला बघून त्यांनी प्रसाद द्यायला हात पुढे केला. मी विज्ञान शिकलेला माणूस. असल्या दिवशी पाना उचलला तर पाना काय चावणार आहे, असलं व्याख्यान मी त्यांना पूर्वी एकदोनदा दिलं होतं आणि त्यांनी ते हसून ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी व्याख्यानानं काम होणार नाही हे मला कळत होतं. कशानं होईल, हेही कळत होतं.

मी म्हणालो, "मिस्त्री, ताम्हिणीच्या वर धनगरवाड्यात एक अडलेली बाई आहे. निरोप आलाय. गाडी नसेल तर मी पोचणार कसा?"

कसलीही बाई नव्हती. कसलाही निरोप नव्हता.

वहिनींचा वरवंटा थांबला. मिस्त्रींनी त्या पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कवापास्नं अडलीया?" त्यांनी विचारलं. "काल रात्रीपासून," मी म्हणालो. खोटं बोलायला लागलं की माणसाला तपशील आपोआप सुचतात. ते उठले, धोतर सोडून त्यांनी कामाची खाकी विजार चढवली. वहिनी म्हणाल्या, "आवो, साखळी तरी घ्या." ते म्हणाले, "बसल्याल्या हत्याराला उठवत न्हाई मी. डाक्टरच्या डिकीत जॅक हाय, पाना हाय. आडाचा दोर घितो. अडल्याली बाई हाय म्हनून हातानं कराया जातुया, द्येवीला ते चालतंया. हत्याराला न्हाई हात लावायचा."

हा त्यांनी स्वतःच्या मनाशी काढलेला तोडगा होता. एकीकडे देवी, एकीकडे बाई, आणि मधून वाट काढणारा आमचा मिस्त्री. काम तर करायचंच, पण पुजेला बसलेली साखळी उचलायची नाही. पूर्ण धर्म पाळला असता तर ते घरी पुरणपोळी खात बसले असते. पूर्ण सोडला असता तर साखळी बरोबर आली असती. गेल्या बारा वर्षांत ही गोष्ट मी दोन्हीकडून जुळवून पाहिली आहे, आणि दोन्हीकडून मिस्त्री वाचतात.

जुनी उजवी स्प्रिंग थकलेली होती, ती मुकाट्यानं बाहेर आली. मी तर मनातल्या मनात दसऱ्याचे कपडे घालायलाही लागलो होतो. नवी ताठ होती. माझा जॅक म्हणजे गाडीबरोबर मिळालेलं खेळणं, चाक बदलण्यापुरतं. मिस्त्रींनी काथ्याचा दोर स्प्रिंगेतून ओवून चौकटीला तीन वेढे दिले, ओढून पाहिला, आणि मला दांडा फिरवायला सांगितलं. अजून… ते म्हणाले. मी फिरवला. अजून… चौकट कुरकुरली. त्यांचा उजवा हात बोल्टाच्या भोकापाशी होता. जॅकचा पाय ओल्या मातीत किंचित कलला, ते मला दिसलं आणि दिसेपर्यंत सगळं होऊन गेलं. चौकटीच्या धारेवर काथ्या तुटला त्याचा आवाजसुद्धा आला नाही. स्प्रिंग निघाली ती अंगणाच्या टोकाला तुळशीपर्यंत गेली आणि जाताना तिनं त्यांचं मनगट लोखंडी हातावर चेचून नेलं.

ते ओरडले नाहीत. "डाक्टर, हात बगा वो जरा," एवढंच म्हणाले. मी रक्त थांबवलं, फळी बांधली, आणि मग लक्षात आलं की त्यांना पुण्याला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं आणि आपली गाडी ठोकळ्यांवर आहे. दुपारी कोळशाचा एक ट्रक मिळाला. त्यालाही झेंडूच्या माळा घातलेल्या. आम्ही मागे पोत्यांवर बसलो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ग्लानी येत-जात होती. भूगावच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मंग त्या बाईचं कसं?"

"कुठल्या बाईचं?" मी म्हणालो.

हे खरं आहे. मी विसरूनच गेलो होतो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी सावरून म्हणालो, की सुईण गेली आहे, होईल सगळं. त्यांनी डोळे मिटले. त्या एका क्षणात त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. चिडले असते, आयुष्यभर माझं तोंड पाहिलं नसतं, पण कळलं असतं.

दोन बोटं काढावी लागली. उरलेली तीन आणि मनगट लाकडासारखं झालं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी कॉटपाशी बसलो होतो. खरं सांगायचं ठरवूनच आलो होतो, शपथेवर सांगतो. त्यांनीच आधी विचारलं, "सुटली का ती?" बांधलेला हात उशीवर ठेवलेला, चेहरा पांढरा, आणि डोळ्यांत अशी काही आशा की मी आयुष्यात पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिली नाही. मी म्हणालो, "सुटली. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत."

मिस्त्री हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. "नवमीची पोर," ते म्हणाले. "दुर्गा ठिवा म्हनावं."

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण आधी ते महत्त्वाचं वाटलं नाही. तेव्हा, त्या कॉटपाशीही, वाटलं नव्हतं.

पुढची गोष्ट त्यांनीच वाढवली, मी फक्त नाही म्हटलं नाही. महिन्याभरानं ते दवाखान्यात आले, डाव्या हातात कागदाची पुडी. आत झबलं आणि टोपडं. "ताम्हिणीला जाल तवा द्या. माझं नाव घिऊ नका." पुढच्या दसऱ्याला फ्रॉक. मग दर दसऱ्याला काही ना काही, बाजारातून स्वतः निवडून आणलेलं नाहीतर वहिनींकडून शिवून घेतलेलं, वर्षावर्षानं एकेक वीत वाढत जाणारं. ते विचारत, पावलं टाकती का? मी म्हणे, टाकते. बोलती का? बोलते. शाळंत घातली का? तिकडे कुठली शाळा, मी म्हणे, पण हुशार आहे. एकदा तिला गोवर आला म्हणालो, तर त्या वर्षी त्यांनी नवस बोलून उपास धरले. मी डॉक्टर असून माझ्या खोट्या रोग्यासाठी तो माणूस पाणी पिऊन राहिला होता. तिला भेटायला मात्र ते कधी आले नाहीत. मला त्याचीच भीती होती, आणि त्यांनी ती आपण होऊन दूर केली. म्हणाले, "म्या न्हाई यायचा. हा हात बगून तिच्या आईबापाला कानकोंडं व्हईल. उपकार दावाया गेल्यागत दिसंल ते."

दुसऱ्या मिस्त्रीकडून स्प्रिंग बसवून घेतली आणि गाडी मी त्याच वर्षी विकली. मिस्त्री त्या जॅकला पुन्हा हात लावू शकले नाहीत. डाव्या हातानं पाना धरून पाहिला, दोन महिने पाहिला, मग सोडला. कोळशाचे ट्रक त्यांच्या दारावरून न थांबता जाऊ लागले. बांधकाम खात्याच्या रोलरवर राखणदारी मिळाली, ती मीच शब्द टाकून मिळवून दिली आणि गावानं माझं कौतुक केलं. डॉक्टर किती करतात एका मिस्त्रीसाठी… गावात दुसरंही बोलत. खंडेनवमीला काम केलं, देवी कोपली, हात घेतला. पाणवठ्यावर, देवळात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. अशा वेळी मिस्त्री शांतपणे म्हणत, "द्येवी कुटं कोपली? एक हात घितला आन् एक पोर दिली. डाक्टरला इचारा." आणि सगळे माझ्याकडे बघत. मी, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारा, मान डोलवत असे.

सांगणार कसं, असं मी स्वतःला विचारी. त्या मुलीवर हा माणूस उभा आहे, ती काढून घेतली तर कोसळेल. ही दया आहे, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. मी भित्रा होतो. कुमुदनं चुलीपाशी उभी राहून एकदाच विचारलं होतं, "तुम्ही त्यांना सांगणार आहात का?" मी म्हणालो, बघू. त्यानंतर ती दसऱ्याला माहेरी गेली नाही. तिनं एक जुनी ट्रंक रिकामी करून दिली, तीत मी ते कपडे ठेवीत असे. झबलं, फ्रॉक, परकर, पोलकी, कधी काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळलेल्या. फेकून द्यायचे, कुणा गरिबाला द्यायचे, असं मनात येई. पण मग गावात कुठल्या तरी मुलीच्या अंगावर ते दिसतील आणि मिस्त्री ओळखतील, ही धास्ती. धास्तीपोटी मी ते जपले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, की काय माया आहे.

परवा, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, अनसूयावहिनी दवाखान्यात आल्या. रोगी संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून ओढलेला, मांडीवर गाठोडं. आत आल्यावर त्यांनी ते टेबलावर सोडलं. निळ्या खणाचा परकर, पोलकं.

"त्यांनी आखाडातच खन आनून ठिवला व्हता," त्या म्हणाल्या. "म्हंले, औंदा श्येवटचा परकर. म्होरल्या साली पोर लुगड्यात येती. म्या शिवला."

मी म्हणालो, देतो.

"तुमी नगा देऊ. मी येती तुमच्यासंगं. आता यश्टी जाती ताम्हिणीवरनं. ते व्हते तवर मला जाऊ देत न्हवते. आता कोन आडवनार? मला काय बोलायचं न्हाई तिच्याशी, डाक्टर. निस्तं लांबनं बगीन. त्यांचा हात कशापायी गेला त्ये एकदा डोळ्यांनी बगायचंय."

कशापायी गेला… मी खुर्चीवरून उठलो. सांगायचंच होतं. मिस्त्री गेले, आता कोसळणारं कुणी उरलं नाही, आता सांगायला काय हरकत, असं मी त्या यष्टीत पिरंगुटपासून पौडपर्यंत स्वतःला बजावत आलो होतो. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं आणि ते आलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही चुकीच्या वेळी. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला, आणि त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पोर गेली का वो, डाक्टर?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"काय झालं व्हतं?"

"ताप," मी म्हणालो.

"कवा?"

"आषाढात."

"म्हंजी त्यांच्या आदी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "बरं झालं त्यांना कळलं न्हाई. तुमी सांगितलं न्हाई ते लई बरं केलं, डाक्टर. तुमाला म्हाईत असून पोटात ठिवलंत." आणि त्यांनी वाकून मला नमस्कार केला. मी मागे सरकलो, पण त्यांचे हात माझ्या पायांना लागलेच. परकर त्यांनी परत नेला नाही. तिच्या आईला द्या म्हणाल्या, आठवणीला राहील.

ट्रंक माझ्या तपासणीच्या खोलीत कॉटखाली आहे. काल दुपारी मी ती पहिल्यांदाच पूर्ण उपसली आणि सगळे कपडे कॉटवर ओळीनं मांडले, झबल्यापासून या निळ्या परकरापर्यंत. मिस्त्री रंग फार नेमका निवडत. ज्या वर्षी मी तिला गोवर आला म्हणालो होतो त्या वर्षीचा फ्रॉक कडुलिंबाच्या हिरव्या रंगाचा आहे. पोलक्यांना वहिनींनी आत रुंद माया ठेवली आहे, पोर वाढेल तशी उसवता यावी म्हणून. कुमुद दारात येऊन उभी राहिली, तिनं सगळं पाहिलं आणि ती आत गेली.

ताम्हिणीच्या धनगरवाड्यात नवमीला जन्मलेली दुर्गा नावाची मुलगी कधीही नव्हती. सखाराम मिस्त्रींचा उजवा हात माझ्या सासऱ्यांच्या दारात मला गाडीतून उतरायचं होतं म्हणून गेला. हे ते वाक्य. वहिनींना वाचता येत नाही आणि त्यांच्या वाडीत वर्तमानपत्र जात नाही, म्हणून ते लिहायला मला धीर झाला, हेही लिहून ठेवतो.

जाताना दवाखान्याच्या पायरीवर वहिनी थांबल्या होत्या. म्हणाल्या, लेकरू बिनदिवसाचं गेलं, त्याचं धावं-तेरावं कोन करनार वर त्या डोंगरात? पुढच्या श्रावणात मिस्त्रींचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी दुर्गाचंही पान वाढायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि तिला आवडायचं ते काय करू, एवढं मला तिच्या आईला विचारून यायला सांगितलं आहे.